रिपोर्टचं वैराग्य आणि स्वयंपाकघर



मागचा पाठ 'संकल्प' या विषयावर झाला. त्यानंतर आठ दिवस कुटुंब-ग्रुपांवर जे प्रश्न आले, त्यातले निम्मे एकाच गोष्टीचे होते. वडोदऱ्याच्या एका ताईंनी लिहिलं, "साखर कमी करायची, चालायला जायचं, रात्री लवकर जेवायचं, सगळं पाठ आहे. पण मनातून येत नाही. मनातून यायला काय करायचं?" ग्वाल्हेरच्या काकांनी तेच तीन-चार शब्दांत लिहिलं : "कळतं, पण वळत नाही." त्या एका ओळीखाली ग्रुपमधल्या किती जणांनी हात जोडून ठेवले ते तुम्ही पाहिलंच आहे. म्हणून आजचा पाठ त्यावरच.

हा पाठ लिहायला मला सांगितलं, ते काही मी आहारतज्ज्ञ आहे म्हणून नाही. मी या परीक्षेत दोनदा नापास झालेली बाई आहे म्हणून. तेव्हा वाचताना "ही काय शिकवणार" असं वाटलं तर बरोबरच आहे.

माझं माहेर बेळगावचं, सासर इंदूरचं. म्हणजे एकीकडे कुंदा, दुसरीकडे पोहे-जिलेबी. मध्ये मी. चार वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या, उजव्या पायाचा अंगठा काढावा लागला. मधुमेह होता वीस वर्षांचा. पायाची संवेदना गेलेली, चपलेचा अंगठा घासून जखम झाली, ती त्याला कळलीच नाही. कळली तेव्हा उशीर झाला होता. मी धावत गेले, आठ दिवस राहिले, ड्रेसिंग बदलताना पाहिलं. तिथेच मनाशी ठरवलं, आता गोडाला हात लावायचा नाही. इतकं घट्ट ठरवलं होतं की रडूच आलं. निघताना वहिनीने रीतीप्रमाणे कुंद्याचा डबा हातात दिला, नाही कसं म्हणणार? पुण्याला गाडी बदलेपर्यंत तो उघडला नव्हता. इंदूरला उतरले तेव्हा डबा अर्धा झाला होता.

आपल्याकडे याला फार जुना आणि नेमका शब्द आहे, स्मशानवैराग्य. स्मशानात उभं असताना वाटतं, काय हा संसार, कशाला ही धावपळ. ते वाटणं खोटं नसतं बरं का. त्या घटकेला ते शंभर टक्के खरं असतं. पण घरी येऊन आंघोळ झाली, पिठलं-भात पोटात गेला, की उतरायला लागतं. रिपोर्टचंही तसंच. लॅबमधून कागद आला, लाल अक्षरात आकडा दिसला, की घरात वैराग्य येतं. कारल्याचा रस येतो, नवे बूट येतात, पहाटे पाचचा गजर लागतो. पंधरा दिवसांनी बूट दाराशी तसेच असतात आणि कारलं पुन्हा भाजीत जातं.

आपली चूक कुठे होते? आपल्याला वाटतं की वैराग्य टिकायला हवं होतं, आपलंच मन कच्चं. मग पुढच्या वेळी आणखी मोठी शपथ घेतो. मला आता असं वाटतं की ते टिकत नाही, टिकणारही नाही, आणि त्यात मनाचा दोष नाही. भीती सतत वागवत माणूस जगू शकत नाही. प्रश्न इतकाच की ते पंधरा दिवस आपण कशात घालवले. शपथा घेण्यात, की घरात काही हलवण्यात?

हे मला दुसऱ्यांदा नापास झाल्यावर कळलं.

दोन वर्षांपूर्वी माझाच रिपोर्ट आला. उपाशीपोटीची साखर ११४. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी जी चाचणी असते, एचबीए१सी, ती ६.३. ही चाचणी ५.७ च्या खाली असली तर ठीक, ६.५ आणि वर गेली तर मधुमेह, मधल्या पट्ट्यात असली तर उंबरठ्यावर. मी उंबरठ्याच्या पार आतल्या कडेला. माझा विश्वासच बसेना. कारण मी बारीक आहे. वजन ५४ किलो, लग्नातल्या बांगड्या अजून हातात जातात. "मधुमेह जाड्यांना होतो," असं आमच्याकडे सगळेच समजून होतो. दादाही कधी जाड नव्हता, पण ते तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आपल्यातले बरेच जण याच समजुतीवर निवांत बसलेत. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्यभर काम केलंय. २००४ साली त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापला. उंचीच्या मानाने वजनाचं प्रमाण, ज्याला बीएमआय म्हणतात, ते दोघांचंही अगदी सारखं, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनांच्या ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला सडसडीत, आत चरबी, आणि तीही पोटाभोवती. आपल्या लोकांचं शरीर बरेचदा असं असतं. म्हणून आपल्याकडे वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त खरं बोलते. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर आणि पुरुषाची ९० च्या वर गेली, की लक्ष द्यायचं. माझी निघाली ८६. बांगड्या हातात जात होत्या हो, पण नऊवारी नेसताना निऱ्या कमी पडायला लागल्या होत्या ते मी कोणाला सांगितलं नव्हतं.

गोव्याच्या मंडळींनी हे जरा जास्तच लक्ष देऊन वाचावं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं देशभराचं मोठं सर्वेक्षण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात देशातल्या मोठ्या माणसांपैकी ११.४ टक्क्यांना मधुमेह आढळला आणि १५.३ टक्के उंबरठ्यावर. आणि सगळ्या राज्यांत पहिला नंबर गोव्याचा, २६.४ टक्के. म्हणजे चार माणसं जेवायला बसली तर एकाला.

तर मी काय केलं? तेच, शपथ. या वेळी मोठी. "आजपासून साखर पूर्ण बंद," असं घरच्या ग्रुपवर लिहिलं. दीराने टाळ्या पाठवल्या, नणंदेने फुलं. पहिले दहा-बारा दिवस मी स्वतःवरच खूश होते. मग हळूच सुरू झालं. सकाळी नातवाच्या दुधात साखर घालताना चमचा चाटायचा. दुपारी सगळे झोपले की डब्यातली एक बालूशाही. बाहेर गेले तर जिलेबी, आणि घरी यायच्या आधी रुमालाने तोंड पुसून. साठी उलटलेली बाई मी, आणि स्वतःच्याच स्वयंपाकघरात चोरी.

एके दिवशी सून म्हणाली, अगदी हळू आवाजात, कोणी ऐकत नाही असं बघून, "आई, राग मानू नका. तुम्ही साखर सोडली नाहीत. तुम्ही फक्त आमच्यासमोर खाणं सोडलंत."

मला राग आला. दोन दिवस आला होता. तिसऱ्या दिवशी दादाला फोन लावला. खरं तर सुनेची तक्रार करायला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चप्पल घालायला येतंय न्हवं तुला?" म्हटलं, "येतंय की." "मग चालून घे की," म्हणाला. बस, एवढंच. हा माणूस रोज टिळकवाडीतून किल्ल्याच्या तळ्यापर्यंत चालत जाणारा. आता डॉक्टरांनी सांगितलेले खास बूट घातल्याशिवाय अंगणातसुद्धा उतरत नाही.

त्या संध्याकाळी मी चालायला गेले नाही. खोटं कशाला सांगू. पण सुनेला हाक मारली आणि म्हटलं, "बस जरा. हे घर कुठे कुठे मला गोड भरवतं, ते तू सांग, मी लिहिते."

मंडळी, माझ्या मते आजच्या पाठाचा गाभा या कागदात आहे. आम्ही माझं मन तपासलं नाही, घर तपासलं. पाच माणसांचं घर : आम्ही दोघं, मुलगा, सून, नऊ वर्षांचा नातू. महिन्याला साखर सहा किलो. म्हणजे माणशी रोज ४० ग्रॅम, आणि यात बाहेरची जिलेबी, बिस्किटं, आइस्क्रीम धरलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असली तर उत्तम. गूळ आणि मधही यातच येतात बरं, "आम्ही गूळच खातो" म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी. माझा एकटीचा चहाच चार कप, प्रत्येकात दोन चमचे. चमचा चार ग्रॅमचा धरला तरी ३२ ग्रॅम. म्हणजे घास पोटात जायच्या आधी माझा दिवसाचा कोटा चहातच संपत होता, आणि मी शपथ घेत होते बालूशाहीची!

तेलाचंही तसंच. हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे, तिथल्या आपल्या मंडळींना ठाऊक असेल. तिने २०२४ मध्ये आहाराच्या नव्या सूचना काढल्या. दोन हजार कॅलरीच्या दिवसभराच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम, धान्य २५० ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम. मी हिशोब मांडला. पाच जणांचं महिन्याचं तेल-तूप साधारण साडेचार लिटर व्हायला हवं. आमच्याकडे तेलच सात लिटर लागत होतं, तूप वेगळं. आणि भाजी? पाच जणांना दिवसाला दोन किलो! मी पाच जणांत अर्धा किलो भेंडी करून वर तोंडी लावायला सेव ठेवत होते. (इंदुरात सेव ही भाजीचीही भाजी असते, हे इथे राहिलेल्यांनाच कळेल.)

आता बदललं काय ते सांगते. फार नाही. एकदम तर मुळीच नाही.

पहिली गोष्ट चहाची. चहा बिनसाखरेचा उकळायचा, साखर कपात वरून. एवढ्या एका बदलाने कोण किती घेतं ते उघड्यावर आलं. पहिल्या महिन्यात मी दीड चमच्यावर आले, मग एकावर, आता अर्धा. दर वेळी तीन-चार दिवस चहा पाणचट लागला, मग तीच चव झाली. जीभ शिकते, पण हळू शिकते. आमचे हे अजून दोनच घेतात. मी बोलत नाही. पूर्वी ते तीनच्या वर घेत होते हे त्यांना स्वतःलाच परवा कळलं.

दुसरं, सेवेचं पाकीट टेबलावरून गेलं. बंद केली नाही हं, सेव बंद करणं इंदुरात शक्य नाही. ती वरच्या फळीवर गेली, आणि खाली एका छोट्या वाटीत चमच्याने काढलेली येते. पाकिटातून हात बाहेर येतो तेव्हा किती आली ते दिसत नाही, वाटी संपली की दिसतं. पोह्यांत पोहे कमी, मटार, कांदा, मोड आलेले मूग जास्त. जिलेबी घरी आणायची नाही. रविवारी बाहेर जाऊन खायची असेल तर खा, दोन खा, गरम खा, सगळ्यांसमोर खा. चोरी संपली की अर्धी भूकही संपते, हा माझा अनुभव आहे.

तिसरं, ताट वाढताना आधी कोशिंबीर आणि भाजी, ती अर्धी संपल्यावर पोळी. याला पैसे पडत नाहीत, शपथ लागत नाही. सून वाढते, मी खाते. रात्री मी माहेरच्यासारखी ज्वारीची भाकरी सुरू केली. पण इथे एक सावधगिरी. भाकरी म्हणजे औषध नाही. तीन भाकऱ्या खाल्ल्या तर तेही पिठूळच झालं. आपल्याकडे 'चांगलं' ठरलेल्या पदार्थाचं माप सुटतं. उपवासाचं बघा ना, साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचा कीस, वर शेंगदाण्याचा लाडू. एकादशी अन् दुप्पट खाशी हे काही उगाच म्हणत नाहीत.

चौथं चालणं, आणि यात माझा सगळ्यात जास्त वेळ वाया गेला, कारण मी पहाटेच्या मागे लागले होते. पहाटे पाच हे माझं नाही, कधी नव्हतं. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाचा २०१६ मधला एक अभ्यास मुलाने वाचून दाखवला. मधुमेह असलेल्या ४१ जणांना आधी सांगितलं, दिवसातून कधीही अर्धा तास चाला. मग सांगितलं, तोच अर्धा तास तीन तुकड्यांत, प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं. जेवणानंतर चालल्यावर साखरेची चढण सरासरी १२ टक्क्यांनी कमी झाली, आणि सगळ्यात मोठा फरक रात्रीच्या जेवणानंतर. तेव्हा आता आम्ही रात्री आठला जेवतो आणि भांडी घासायला टाकायच्या आधी सोसायटीला दोन फेऱ्या मारतो. 'जेवण झालं की हात धुवायचे, हात धुतले की चप्पल.' एका गोष्टीला दुसरी बांधून टाकली. आता विचार करावा लागत नाही. विचार करायला लागला की जाणं रद्द होतं, हे मला माझ्याबद्दल पक्कं माहीत आहे.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टींनी काय होणार? चेन्नईला डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने उंबरठ्यावरच्या ५३१ जणांचा अभ्यास केला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीचा सल्ला देऊन सोडलं त्यांच्यातल्या शंभरातल्या ५५ जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांना रोज अर्धा तास चालायला, साखर, मैदा, तेल कमी करायला सांगून सतत पाठपुरावा केला, त्यांच्यात ३९ जणांना. म्हणजे शंभरातले सोळा जण वाचले. कोणी व्यायामशाळेत गेलं नव्हतं. हां, ३९ जणांना तरीही झाला, तेही खरं. केलं की झालंच, अशी हमी यात नाही. ज्यांना असं खात्रीने सांगणारे मेसेज येतात, अमुक बी भिजवून प्या आणि गोळ्या फेकून द्या, त्यांनी ते पुढे पाठवू नयेत, ही हात जोडून विनंती. आणि जे साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेतात त्यांनी जेवण कमी करण्याआधी, उपवास धरण्याआधी डॉक्टरांना विचारावं. गोळी तीच आणि जेवण अर्धं, असं झालं तर साखर एकदम खाली जाते. ते जास्त धोक्याचं.

मध्ये मोडलंही. ग्वाल्हेरला भाचीचं लग्न होतं. हळदीपासून वऱ्हाड परत येईपर्यंत नऊ दिवस काही पाळलं गेलं नाही. श्रीखंड, गुलाबजाम, रात्री बाराला जेवण. पूर्वीची मी असते तर म्हटलं असतं, झालं, मोडलं व्रत, आता दिवाळीनंतर बघू. सवयी कशा लागतात याचा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी अभ्यास केला होता. ९६ जणांनी रोज एक नवी गोष्ट करायची ठरवली, जेवणाबरोबर फळ खाणं, पाणी पिणं, अशा साध्या. ती आपोआप व्हायला लागायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८, आणि कोणाचा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. ते एकवीस दिवसांचं जे फिरत असतं, त्यावर फार जाऊ नका. पण मला धीर दिला तो याच अभ्यासातल्या दुसऱ्या गोष्टीने. मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. माझे नऊ चुकले होते, एक नाही. पण परत आले तेव्हा साखर कपात वरून घालायचीच पद्धत घरात होती, सेव वरच्याच फळीवर होती, आठ वाजता सून ताटं घेत होती. माझं वैराग्य ग्वाल्हेरलाच राहिलं, पण घर जागेवर होतं. म्हणून सावरलं.

आता एक गोष्ट जरा स्पष्ट बोलते. घरातल्या पुरुषाला डॉक्टरांनी काही सांगितलं की सगळ्या घराचा स्वयंपाक बदलतो. बाईला सांगितलं की ती स्वतःपुरतं वेगळं करते, आणि बाकीच्यांचं नेहमीचं. म्हणजे दोन स्वयंपाक, आणि तळणीच्या कढईसमोर उभी तीच. तिथे कोणाचं मन टिकेल? आमच्या घरी हेच झालं होतं आणि मला ते दिसतही नव्हतं. माझी दुधीची भाजी एका पातेलीत, यांची बटाट्याची दुसऱ्या. सुनेने एकदा मांडणी केली की पातेली एकच. मुलाला महिनाभर जड गेलं, नातवाने दोनदा ताट सरकवलं. पण तेलाची महिन्याची खरेदी सातवरून पाचवर आली तेव्हा कोणाच्या पोटात गोळा आला नाही. वडोदऱ्याच्या ताई, तुम्ही विचारलंत ना मनातून यायला काय करायचं? तुमच्या घरी पातेल्या किती आहेत ते आधी बघा.

आणि आग्रहाचं काय? आपल्याकडे माया वाढण्यातून दिसते. "एवढीच?" म्हणणारी माणसं आपल्यावर प्रेम करणारीच असतात, त्यामुळे त्यांना तोडून टाकता येत नाही. मी बेळगावला वहिनीला आधीच फोन करून सांगते, "कुंदा नको, येताना मला तुझ्या हातची शेंगाचटणी दे." काहीच नको म्हटलं की तिला वाईट वाटतं, दुसरं मागितलं की वाटत नाही. आपल्या रविवारच्या बैठकीनंतरच्या शिऱ्याबद्दल काहींनी संकोचत विचारलं होतं. प्रसादाला नाही म्हणायचं नाही, पण प्रसाद चमचाभर असतो, द्रोणभर झाला की तो नाश्ता. ज्यांच्याकडे सेवा असेल त्यांनी एक छोटा चमचा शिऱ्याच्या पातेल्यात ठेवावा, मोठी पळी नको. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणारा आणि अजिबात न खाणारा, दोघांनाही एकाच रांगेत बसवलं आहे. माझी पहिली शपथ दुसऱ्या टोकाची होती, आणि चोरी पहिल्या टोकाची.

सहा महिन्यांनी तपासणी केली. ६.३ चं ५.९ झालं, कंबर ८६ ची ८२. अजून उंबरठ्यावरच आहे, पण बाहेरच्या बाजूला सरकले. दादाला फोन केला तर म्हणाला, "आणि पावलं बघतीस का रोज?" त्याची ती एकच शिकवण. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी रोज रात्री तळपाय उजेडात बघायचे, बोटांच्या मधेसुद्धा. वाकता येत नसेल तर आरसा धरा, नाहीतर नातवंडाला बघायला सांगा. आमच्याकडे आमच्या ह्यांचे पाय नातू टॉर्च लावून बघतो. त्याला ते पोलिसाचं काम वाटतं.

*या पंधरवड्याचा अभ्यास*

शपथ कोणी घ्यायची नाही. फक्त मोजायचं. साखरेचं, तेलाचं आणि मिठाचं नवीन पाकीट फोडाल तेव्हा पेनाने त्यावर तारीख घाला, संपेल तेव्हा पुन्हा. मिठाचा हिशोब सोपा आहे. माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे पाच जणांच्या घरात किलोचं पाकीट निदान चाळीस दिवस पुरलं पाहिजे, लोणचं-पापड-सेव वेगळे. आमचं सत्तावीस दिवसांत संपत होतं. शिंप्याची टेप असेल तर घरातल्या मोठ्यांची कंबर मोजून ठेवा, श्वास आत न ओढता. तिशीच्या पुढच्यांनी कोणी बरेच दिवसांत साखर तपासली नसेल तर तीही तपासून घ्या, विशेषतः घरात कोणाला मधुमेह असेल तर.

आकडे आपापल्या कुटुंब-ग्रुपवर रविवारी रात्री टाका. एकमेकांच्या आकड्यांवर शेरे नकोत, फक्त आकडे. ज्यांना ग्रुपवर टाकायला संकोच वाटतो त्यांनी घरच्या कॅलेंडरवर लिहिलं तरी चालेल.

गोव्याच्या गटातून तळलेल्या मासळीबद्दल तीन-चार प्रश्न आलेत. त्यावर मी इंदूरची बाई काय बोलणार. तिथल्याच कोणी रोज करणाऱ्या ताईने लिहावं, कमी तेलात कशी करता, तव्यावर की कालवणात. पुढच्या पाठात घेऊ.